आम्हाला कोणी कळवलेच नाही

सांजपाळी | १४ एप्रिल २०२०

मी एका मोठ्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसते. आमचे काम अत्यावश्यक सेवेत मोडते, त्यामुळे टाळेबंदी सुरू झाल्यापासून दुकान एक दिवसही बंद राहिलेले नाही आणि साप्ताहिक सुटी सोडली तर माझाही एक खाडा झालेला नाही. भीती रोज वाटते, पण तिला सोबत घेऊन कामावर जाण्याची सवय पहिल्या पंधरवड्यातच झाली. सवय होत नाही ती दुसऱ्याच एका गोष्टीची, आणि ती नीट मांडता यावी म्हणून आज सुटीच्या दिवशी हा धागा काढते आहे.

माझ्या डाव्या हाताच्या गल्ल्यावर बसणारी मुलगी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. चौकशी केली तेव्हा 'रजेवर आहे' एवढेच उत्तर मिळाले. तिच्या जागी मालाच्या विभागातला एक मुलगा बसवला गेला. खुर्ची तीच, यंत्र तेच, आणि त्या यंत्राच्या कळांवरून कोणी ओले फडके फिरवल्याचे मी तरी पाहिले नाही. अकराव्या दिवशी सामानाचे पैसे देता देता एका गिऱ्हाईक बाईंनी मला सहज विचारले, "तुमच्याकडची ती मुलगी आता कशी आहे? आमच्याच इमारतीत राहते, तिला श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात नेले होते." माझ्या हातातले सुटे पैसे हातातच राहिले. माझी आई अर्धांगामुळे अंथरुणाला खिळलेली आहे, आणि त्या अकरा दिवसांत मी रोज घरी जाऊन तिला कवेत घेऊन उठवत होते, तिचे अंग पुसत होते, तिच्या तोंडात औषध घालत होते.

वरिष्ठांना विचारले तेव्हा दोन कारणे ऐकायला मिळाली. एक म्हणजे कर्मचाऱ्यांत घबराट पसरू नये, आणि दुसरे म्हणजे त्या मुलीच्या खासगी बाबी उघड होऊ नयेत. नाव न घेता 'या रांगेतल्या एका सहकाऱ्याला लागण झाल्याची शंका आहे, घरी वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर काळजी घ्या' असे एक वाक्य सांगता आले नसते का? मी आईपासून लांब राहिले असते. तिच्यासाठी दुसरी काहीतरी सोय बघितली असती. ते जमले असते की नाही, हा पुढचा प्रश्न. पण तो निर्णय माझा होता आणि तो घेण्याची संधीच मला मिळाली नाही.

मार्चच्या सुरुवातीला आम्हाला मास्क लावायला मनाई होती, हेही नोंदवून ठेवते. गिऱ्हाईक बिचकते, असे सांगितले गेले. एप्रिल उजाडला आणि मास्क सक्तीचा झाला. मधल्या काळात नेमके काय कळले, नियम का फिरला, याबद्दल चकार शब्द नाही. आता गल्ल्यापुढे पारदर्शक प्लास्टिक टांगले आहे. त्याच्या अलीकडून माझा आवाज पलीकडे पोहोचत नाही, म्हणून निम्मी माणसे मास्क हनुवटीवर ओढतात आणि पडद्याच्या कडेने डोके आत घालून माझ्याशी बोलतात.

इथे अत्यावश्यक सेवेत काम करणारे आणखी कोणी असतील तर त्यांनी लिहावे. तुम्हाला काय सांगितले गेले, केव्हा सांगितले गेले आणि काय सांगितलेच गेले नाही?

शुभ्रा | १४ एप्रिल २०२०

ताई, तुमचे वाचताना माझ्या लॉकरमधली कागदी पिशवी डोळ्यांसमोर आली. मी परिचारिका आहे. गेल्या महिन्यापासून आम्हाला पाच पाळ्यांसाठी मिळून एक एन९५ मास्क मिळतो. पाळी संपली की तो पिशवीत ठेवायचा, पिशवीवर आपले नाव आणि तारीख लिहायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच पिशवीतून काढून पुन्हा तोंडाला लावायचा. प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, म्हणून कागदाची पिशवी. चौथ्या दिवसापर्यंत मास्कचे पट्टे सैल पडलेले असतात, नाकावरची धातूची पट्टी पुन्हा पुन्हा दाबून निकामी झालेली असते आणि श्वास सोडला की चष्म्यावर वाफ जमते. चष्म्यावर वाफ जमते याचा अर्थ हवा कडेने जाते-येते आहे. हा मास्क ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवतो हे खरे, पण ते तो चेहऱ्याला घट्ट बसला तर. आम्ही सगळ्याजणी हे जाणतो आणि तरीही तोच मास्क लावून अतिदक्षता विभागात शिरतो.

जानेवारीत एका रुग्णाला वापरलेला मास्क दुसऱ्या रुग्णाजवळ नेला असता तर संसर्ग नियंत्रणाचा नियम मोडला म्हणून आमची कानउघाडणी झाली असती. मार्चमध्ये तोच मास्क पाच दिवस वापरणे परिपत्रकाने सुरक्षित ठरवले. मधल्या दोन महिन्यांत मास्क अधिक चांगला झाला नव्हता. साठा संपत आला होता. जागतिक आरोग्य संघटनेने ३ मार्चलाच जाहीर केले होते की या साथीसाठी जगाला दरमहा सुमारे ८ कोटी ९० लाख वैद्यकीय मास्क, ७ कोटी ६० लाख तपासणी हातमोजे आणि १६ लाख गॉगल लागतील, आणि उत्पादन ४० टक्क्यांनी वाढवावे लागेल. साध्या वैद्यकीय मास्कची किंमत तोवर सहा पट झाली होती. म्हणजे तुटवडा कोणापासून लपलेला नव्हता. 'आपल्याकडे पुरेसे मास्क नाहीत, म्हणून नाइलाजाने हा धोका तुम्हाला पत्करायला सांगत आहोत' असे आम्हाला सरळ सांगितले असते तर आम्ही पत्करला असता, कारण रुग्णाला टाकून जाणाऱ्या आम्ही नाही. पण टंचाईला शास्त्राचा मुलामा देऊन ती आमच्या हातात ठेवली गेली. मला सर्वांत जास्त लागले ते हेच. त्यानंतर एखादे परिपत्रक खरोखर शास्त्राधारित असले तरी त्यावर विश्वास ठेवायला मन कचरते, आणि साथीच्या ऐन भरात असे होणे फार वाईट आहे.

पाण्याबद्दलही लिहिते. एका पाळीला एकच किट मिळत असल्यामुळे ते मध्ये उतरवता येत नाही, आणि उतरवतानाच लागण होण्याची भीती अधिक असते. त्यामुळे पाळी सुरू होण्याच्या दोन तास आधीपासून मी पाणी पिणे बंद करते.

वळणरस्ता | १५ एप्रिल २०२०

मी बस चालवतो आणि पाणी मीही पीत नाही, मात्र कारण वेगळे आहे. फेरी जिथे संपते तिथली सार्वजनिक स्वच्छतागृहे टाळेबंदीत कुलूपबंद झाली. ज्या खानावळींच्या आडोशाला आम्ही जात असू, त्याही बंद. कोणती सेवा चालू आणि कोणती बंद, याची यादी करणाऱ्याला बस चालू ठेवायची आठवण राहिली, पण बस चालवणाऱ्या माणसाला नऊ तासांत एकदा तरी लघवीला जावे लागते याचा विसर पडला. आमच्यातल्या महिला चालकांचे काय हाल होत असतील, ते त्यांनीच लिहिलेले बरे.

कळवण्याबद्दल म्हणाल, तर आमच्याकडे आगारात फलक आहे. त्यावर दोन चालक वारल्याची नोंद खडूने लिहिली होती. कशाने वारले, ते लिहिलेले नव्हते.

खिडकीपाशी | १५ एप्रिल २०२०

मी घरून काम करते. धागा वाचून अपराधी वाटले, पण ते लिहून तुमच्या धाग्याचा रोख माझ्याकडे वळवणे बरे नाही. एकच गोष्ट कबूल करते. विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लास्टिकवर व पोलादावर ७२ तासांपर्यंत टिकून राहतो, असा प्रयोगशाळेतला अभ्यास मार्चमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून मी घरपोच आलेले प्रत्येक खोके दाराबाहेर एक दिवस ठेवते. ते खोके ज्याने हातात धरून चार जिने चढवले, त्या माणसाचा विचार मात्र तुमचा धागा वाचेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता. आमच्यासारख्यांनी नेमके काय केले तर तुमचा त्रास कमी होईल, ते स्पष्ट सांगाल का? टाळ्या आम्ही वाजवल्या, पण त्याने तुमचे काही हलके झाले असेल असे मला वाटत नाही.

सांजपाळी | १५ एप्रिल २०२०

खिडकीपाशी, तुम्ही विचारलेत याबद्दल मनापासून आभार. टाळ्यांचा मला राग नाही. त्या संध्याकाळी मी घरी परतत होते आणि गच्च्यांतून आवाज येऊ लागला तेव्हा डोळे भरून आले, हे खोटे कशाला सांगू? पण दुसऱ्या दिवशी त्याच गच्च्यांतली माणसे दुकानात आली आणि एका वस्तूची दोनच पाकिटे मिळतील असे सांगितल्यावर माझ्यावर ओरडली. तो नियम मी केलेला नाही आणि मोडण्याचा अधिकारही मला नाही. ओरडणाऱ्याच्या तोंडावर मास्क नसतो, हे तर विचारूच नका.

काय करता येईल ते सांगते. घरातून एकानेच यावे आणि यादी करून यावे, म्हणजे दुकानात फिरण्याचा वेळ निम्म्याने कमी होतो. बोलण्यासाठी मास्क खाली घेऊ नये. ऐकू आले नाही तर मी पुन्हा विचारीन. पडद्याच्या कडेने आत डोकावू नये. आणि घरात कोणाला ताप असेल तर शेजाऱ्याला सामान आणायला सांगावे, स्वतः येऊ नये. गेल्या आठवड्यात एक गृहस्थ ताप उतरवणारी गोळी आणि थर्मामीटर घेऊन माझ्यापुढे उभे होते आणि मला म्हणाले, "आमच्याकडे दोघांना ताप आहे, जरा लवकर करा."

हिशेबवही | १७ एप्रिल २०२०

दोन दिवस हा धागा नुसता वाचत होतो. लिहावे की नाही ठरत नव्हते. मी अशाच एका दुकानाचा व्यवस्थापक आहे, सांजपाळीताईंच्या दुकानाचा नव्हे. आमच्याकडेही एकाला लागण झाली आणि मी ते कर्मचाऱ्यांना सांगितले नाही.

माझी बाजू मांडतो, समर्थन म्हणून नव्हे. त्याचा तपासणी अहवाल यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत माझ्याकडे सांगण्यासारखे पक्के काही नव्हते. वरून आदेश होता की अहवालाशिवाय कोणाशी बोलायचे नाही. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी निम्मे लोक कामावर आले नसते, दुकान बंद करावे लागले असते आणि आसपासच्या वस्तीला दुसरे दुकान नव्हते. घरी पाठवलेल्या माणसाला पगार देण्याचा अधिकार मला नव्हता, म्हणजे 'घरी बस' म्हणणे हे 'बिनपगारी बस' म्हणण्यासारखेच होते. इकडे आड आणि तिकडे विहीर अशी अवस्था होती. अहवाल आला तेव्हा नऊ दिवस उलटून गेले होते आणि आता सांगून काय उपयोग, असे मी स्वतःला समजावले. तो माणूस वाचला. पण रात्री झोप लागत नाही, हे खरे आहे.

सूक्ष्मदर्शी | १७ एप्रिल २०२०

हिशेबवही, तुमचे नऊ दिवस कुठे गेले, ते मी सांगू शकतो, कारण मी ते नमुने तपासणाऱ्यांपैकी एक आहे. यंत्रे आहेत, माणसे आहेत, पण घशातला द्राव घेण्याचे बोळे आणि नमुन्यातून विषाणूचे आरएनए वेगळे काढण्याची रसायने जगभर एकाच वेळी सगळ्यांना हवी आहेत. नमुने शीतपेटीत रांग लावून पडलेले असतात आणि आम्ही रसायनाच्या पेटीची वाट बघत असतो. दिवसाला सोळा तास काम करूनही ढीग उतरत नाही. दूरध्वनीवर माणसे रडतात, शिव्या देतात आणि आम्ही त्यांना तारीख देऊ शकत नाही.

पण 'अहवालाशिवाय बोलायचे नाही' हा आदेश मुळातच चुकीचा होता, आणि हे मला जोर देऊन सांगायचे आहे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जातात, क्वचित चौदा. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो माणूस इतरांना लागण देऊ शकतो. म्हणजे सहकाऱ्यांना सावध करण्याचा उपयोग ज्या दिवसांत असतो, नेमके तेच दिवस अहवालाची वाट पाहण्यात निघून जातात. पक्के कळेपर्यंत थांबलात की कळवण्याचे कारणच संपते. लक्षणे बघून, शंका आहे एवढ्यावरच सांगायला हवे होते. सांजपाळीताईंच्या अकरा दिवसांचेही तेच झाले.

शुभ्रा | १८ एप्रिल २०२०

हिशेबवही, तुम्ही लिहिलेत हे धैर्याचे आहे. तरीही एका वाक्यावर अडखळले. निम्मे लोक आले नसते, असे तुम्ही म्हणता. ते तुम्ही त्यांना विचारले होते का? आमच्या विभागात जेव्हा पहिल्यांदा खरे सांगितले गेले, तेव्हा एकही परिचारिका घरी बसली नाही. ज्यांच्या घरी तान्ही मुले होती त्यांनी पाळ्या बदलून मागितल्या आणि बाकीच्यांनी त्या घेतल्या. माणसे पळून जातील ही भीती बहुतेक वेळा वरच्या खोलीतली असते.

संघटक | २९ एप्रिल २०२०

काल कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा जागतिक दिन झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने यंदा तो साथीलाच वाहिला होता. त्या निमित्ताने एक माहिती इथे ठेवतो. याच संघटनेच्या १९८१ सालच्या १५५ क्रमांकाच्या करारातील १३व्या कलमानुसार, आपल्या जिवाला किंवा आरोग्याला तत्काळ आणि गंभीर धोका आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल आणि कामगार त्या कामातून बाजूला झाला, तर त्याला त्याची अनुचित किंमत मोजायला लावू नये. १९व्या कलमात सुरक्षिततेसाठी काय उपाय केले आहेत याची पुरेशी माहिती कामगारांच्या प्रतिनिधींना देण्याची तरतूद आहे. सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, आणि जिथे स्वीकारला आहे तिथेही कंत्राटी माणसाला त्याचा आधार घेणे किती अवघड असते, हे मी रोज पाहतो.

दोन्ही कलमे एकत्र वाचावीत अशी माझी विनंती आहे. धोका आहे हेच कळले नाही तर बाजूला होण्याचा हक्क वापरणार कसा? सांजपाळीताई ज्याला 'निर्णय माझा होता' म्हणतात, त्याचा कायदेशीर पाया एवढा जुना आहे.

दारावरचा | १३ मे २०२०

मी एका इमारतीच्या दाराशी सुरक्षारक्षक म्हणून उभा असतो. येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाशी तापमापक बंदूक धरायची, आकडा वहीत लिहायचा आणि सोडायचे, असे बारा तास काम चालते. ज्याला लक्षणेच नाहीत अशा बाधित माणसाला ही बंदूक ओळखू शकत नाही, हे वर सूक्ष्मदर्शींनी लिहिलेले वाचल्यावर समजले. मला दिलेल्या प्रशिक्षणात ते नव्हते. मी दीड महिना स्वतःला सुरक्षित समजत होतो, कारण वहीतले सगळे आकडे ठीक होते.

परवा, ११ मे रोजी, ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंड आणि वेल्समधील कोविड मृत्यूंची व्यवसायवार आकडेवारी प्रसिद्ध केली. मुलाने ती मला वाचून दाखवली. काम करण्याच्या वयातल्या पुरुषांमध्ये एकंदर दर लाखामागे ९.९ मृत्यू असताना सुरक्षारक्षकांमध्ये तो ४५.७ होता. टॅक्सीचालकांमध्ये ३६.४ आणि बसचालकांमध्ये २६.४. वळणरस्ता, तुम्ही हे वाचले असेलच. हे मृत्यू केवळ कामामुळे झाले असे त्या अहवालात म्हटलेले नाही, राहणीमान आणि इतर आजार यांचाही भाग असू शकतो. पण कोणत्याही यादीत रक्षक पहिल्या ओळीत येण्याची ही पहिलीच वेळ आहे, आणि ती अशा यादीत यावी याने मी दोन दिवस सुन्न आहे. मास्क वाटण्याच्या यादीत आम्ही नव्हतो. आमचा ठेकेदार वेगळा, असे इमारतीचे म्हणणे, आणि मास्क देणे हे इमारतीचे काम, असे ठेकेदाराचे म्हणणे.

पहाटफेरी | १४ मे २०२०

कचरा गोळा करतो. बाधितांच्या घरचा कचरा वेगळ्या पिशवीत देण्याचा नियम आहे, पण कोणते घर बाधित आहे हे आम्हाला सांगत नाहीत आणि घरवालेही लाजेने वेगळी पिशवी करत नाहीत. वापरलेले मास्क सुटेच पडलेले असतात. हाताने वेचावे लागतात. हातमोजे आठवड्याला एक जोड मिळतो आणि बोटांची टोके तिसऱ्या दिवशी फाटतात.

सूक्ष्मदर्शी | १० जुलै २०२०

धागा पुन्हा वर आणतो, कारण या आठवड्यात जे घडले ते या चर्चेशी थेट जोडलेले आहे. ६ जुलैला २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्राद्वारे मागणी केली की हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतूनही हा विषाणू पसरतो हे मान्य करून त्यानुसार उपाय करावेत. त्यानंतर काल, ९ तारखेला, जागतिक आरोग्य संघटनेने कोंदट, गर्दीच्या बंद जागांमध्ये असा प्रसार नाकारता येत नाही असे म्हटले आहे. सर्वसामान्यांनी कापडी मास्क वापरावा हा सल्लाही त्यांनी ५ जूनला दिला, तोपर्यंत साथ जाहीर होऊन जवळजवळ तीन महिने उलटले होते.

शास्त्र असेच पुढे सरकते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पुरावा बदलला की सल्ला बदलतो. पण सांजपाळीताईंच्या पुढ्यातल्या त्या प्लास्टिकच्या पडद्याचा मी विचार करतो आहे. समोरच्याच्या तोंडातून उडणारे मोठे थेंब तो अडवतो. सूक्ष्म कण मात्र धुरासारखे त्याच्या वरून आणि कडेने फिरून येतात. त्यासाठी खिडक्या उघड्या हव्यात, हवा खेळती हवी, आणि आत एका वेळी माणसे कमी हवीत. आपल्या बहुतेक कामाच्या जागांवर चार महिने जमीन धुतली गेली, कठडे पुसले गेले आणि खिडक्या बंदच राहिल्या. आता तरी आपापल्या वरिष्ठांकडे आधी खिडकी मागा. तिला खर्च नाही.

सांजपाळी | १९ जुलै २०२०

ज्या मुलीबद्दल मी पहिल्या दिवशी लिहिले होते, ती या सोमवारी कामावर परत आली. जवळपास चार महिन्यांनी. अर्धी पाळी बसते, कारण जिना चढली तरी धाप लागते. त्यांतल्या पहिल्या चौदा दिवसांचाच पगार मिळाला. मधल्या सुटीत आम्ही दोघी मागच्या दाराशी, दोन हात अंतर ठेवून बसलो होतो. मला तिच्यापाशी एक कबुली द्यायची होती. ती आजारी असताना मी तिच्याबद्दल रागाने विचार केला होता. तिने निदान मला तरी निरोप द्यायला हवा होता, असे वाटले होते. मी तसे बोलून दाखवले.

ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "ताई, मी पहिल्याच दिवशी साहेबांना फोन केला होता. ताप आहे, वास येत नाही, सगळ्यांना सांगा, माझे नाव सांगितले तरी चालेल, ताईंच्या घरी आजारी आई आहे, असे सांगितले होते. ते म्हणाले, आम्ही बघतो. दोन दिवसांनी मला प्राणवायू लावला, मग फोनच माझ्याजवळ नव्हता."

तिच्या खासगीपणाची ढाल करून मला जे उत्तर दिले गेले होते, ते ऐकून घेऊन मी गप्प बसले होते, कारण त्यात मला थोडे तथ्य वाटले होते. तिने स्वतःहून परवानगी दिलेली होती आणि माझ्या आईचे नाव घेऊन दिलेली होती. आई सुखरूप आहे. पण तो निरोप माझ्यापर्यंत चालत येऊन माझ्यापासून वीस पावलांवरच्या खोलीत थांबला, हे मला गिळता येत नाही.

हिशेबवही | १९ जुलै २०२०

ताई, मी आज आमच्या दुकानातल्या सर्वांना एकत्र बोलावून एप्रिलमधली गोष्ट सांगितली. दोघेजण काही न बोलता उठून गेले. एक वयस्कर सहकारी म्हणाले, "आम्हाला तेव्हाच कळले होते, तुम्ही केव्हा सांगता ते बघत होतो."

दर्यावर्दी | ५ डिसेंबर २०२०

मालवाहू जहाजावर काम करतो, त्यामुळे नेट मिळेल तेव्हा वाचतो. हा धागा एका बंदराबाहेर नांगर टाकून असताना वाचून काढला. माझा करार नऊ महिन्यांचा होता आणि आज मला जहाजावर चौदा महिने झाले आहेत. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सलग अकरा महिन्यांहून अधिक काळ माणसाला जहाजावर ठेवता येत नाही. पण बंदरे आम्हाला उतरू देत नाहीत आणि बदली माणसे चढू देत नाहीत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजाने असे अडकलेले खलाशी आज सुमारे ४ लाख आहेत. तुमच्या दुकानांतला बराचसा माल, वर उल्लेख आलेल्या मास्कांची खोकीसुद्धा, आमच्याच जहाजांतून येतात. ती उतरतात, आम्ही उतरत नाही. या १ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून सगळ्या देशांना आम्हाला अत्यावश्यक कामगार म्हणून मान्यता देण्याचे आवाहन केले. अत्यावश्यक ठरल्याने तुमचे घरी बसणे बंद झाले, आणि ते न ठरल्याने आमचे घरी जाणे बंद झाले.

माझे वडील ऑगस्टमध्ये वारले. मला बातमी कळवली गेली, कप्तानांनी स्वतः खोलीत येऊन सांगितले आणि रात्रभर माझ्याजवळ बसले. तुमचा धागा वाचताना त्यांच्याबद्दल फार कृतज्ञता वाटली.

शुभ्रा | २३ ऑक्टोबर २०२१

जागतिक आरोग्य संघटनेने या आठवड्यात एक अंदाज जाहीर केला आहे. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत. खालच्या आणि वरच्या आकड्यात एक लाखाचे अंतर आहे. ते अंतर वाचून मी थबकले. आमच्या विभागातल्या दोघी त्या अंदाजात कुठेतरी आहेत, पण नोंदलेल्या आहेत की गृहीत धरलेल्या, हे मला कधीच कळणार नाही. आणि गल्ल्यावरची, बसमधली, दारावरची, कचरा उचलणारी माणसे किती गेली, याचा तर जगभराचा असा अंदाजही कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. पहाटफेरी गेल्या वर्षीच्या मे महिन्यानंतर इथे दिसले नाहीत. कोणाला त्यांची खुशाली ठाऊक असेल तर कृपया लिहा.

सांजपाळी | २४ ऑक्टोबर २०२१

पहाटफेरींबद्दल मीही विचारणारच होते. दादा, वाचत असाल तर एक शब्द तरी लिहा.

आमच्या दुकानात काय चालले आहे ते कळवते. गेल्या ऑगस्टमध्ये त्या मुलीने आणि मी मिळून फोन क्रमांकांची एक यादी केली. ज्याला बरे वाटत नसेल त्याने साहेबांना कळवण्याच्या आधी यादीतल्या सगळ्यांना दोन शब्दांचा संदेश टाकायचा, अहवालाची वाट बघायची नाही, आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष द्यायचा नाही, एवढेच ठरवले. सुरुवातीला सहाजण होतो, आज एकतीस आहोत, त्यांत दारावरचे दोन रक्षक आणि माल पोहोचवणारे चौघेही आहेत. काल रात्री पावणेबाराला मालाच्या विभागातल्या त्याच मुलाचा संदेश आला, 'घसा दुखतोय.' आई झोपली होती. मी माझे अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत घातले आणि आईकडे दिवसभर कोण येऊ शकेल, ते विचारायला बहिणीला फोन लावला.